‘ताप मेंदूत गेला’ म्हणजे नेमके काय?
प्रौढांमधील मेनिंजायटिस : कारणे, उपचार आणि परिणाम



इस्पितळात दाखल असलेल्या एखाद्या रुग्णाची विचारपूस केली असता घरची मंडळी पुष्कळदा ‘ताप मेंदूत गेला’ एवढेच सांगतात. हे शब्द कानी पडले की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. जणू सर्व सांगून झाले आणि आता केवळ वाट पाहणे उरले! वास्तविक ताप हा पोटातून निघून डोक्यात चढणारा पदार्थ नाही. मेंदूभोवतीच्या आवरणात शिरतात ते जंतू; ताप हा त्यांच्या आगमनाची वर्दी देतो. हा भेद कोणास शब्दच्छल वाटेल, परंतु त्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ताप डोक्यात चढला असे मानणारे कुटुंब कपाळावर थंड पाण्याच्या घड्या ठेवीत रात्र काढते. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचले असावेत अशी शंका आलेले कुटुंब त्याच रात्री इस्पितळ गाठते. आजच्या लेखाचा विषय असलेल्या मेनिंजायटिस या आजारात एका रात्रीचा हा फरक रुग्णाच्या आयुष्याचा फरक ठरू शकतो.

आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांना तीन पडद्यांनी वेढलेले असते. ग्रीक भाषेत पडद्याला ‘मेनिंक्स’ म्हणतात. त्या पडद्यांचा दाह म्हणजे मेनिंजायटिस. सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरवलेल्या आमच्यासारख्यांना या पडद्यांची वैद्यकीय नावे मोठी गोड वाटतात. बाहेरील जाड पडदा म्हणजे ‘ड्युरा माटेर’, कठोर माता, आणि मेंदूला अगदी बिलगून असलेला तलम पडदा म्हणजे ‘पिया माटेर’, कोमल माता. बाराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणताना अनुवादकांनी ‘मेंदूची माता’ हा अरबी शब्दप्रयोग जसाच्या तसा उचलला, आणि आज जगभरातील डॉक्टर नकळत तोच वापरीत आहेत. या पडद्यांच्या दरम्यान स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव खेळत असतो. प्रौढ माणसात त्याचे प्रमाण सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे एका चहाच्या कपाइतके असते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी या द्रवात फारशा नसतात. म्हणूनच रक्तावाटे जंतू एकदा तेथे पोहोचले की ते झपाट्याने वाढतात.

मराठी वृत्तपत्रांतून ‘मेंदूज्वर’ हा शब्द दोन निरनिराळ्या आजारांसाठी वापरला जातो. जपानी मेंदूज्वर हा मेंदूच्या गाभ्याचा दाह होय. मेनिंजायटिस हा आवरणाचा. दोन्ही एकत्रही येऊ शकतात. परंतु कारणे आणि उपचार वेगळे असल्यामुळे या लेखात मेनिंजायटिस हाच शब्द योजला आहे.

नेदरलँड्समधील एक मोजदाद

इस्पितळात आलेल्या प्रौढांना हा आजार कशामुळे होतो आणि त्यांचे पुढे काय होते, याची एक उत्तम नोंद नेदरलँड्समध्ये झाली. त्या देशात रुग्णांच्या पाठीतील द्रवात सापडलेले जंतू एका राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे पाठवण्याची पद्धत आहे. त्यामुळे एखाद्या मोठ्या इस्पितळापुरते नव्हे, तर देशभरातील चित्र दिसू शकते. ऑक्टोबर १९९८ ते एप्रिल २००२ या काळात तेथील डॉक्टरांनी जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या ६९६ प्रौढ प्रकरणांचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला.

त्यांतील ५१ टक्के रुग्णांमध्ये न्यूमोकोकस आणि ३७ टक्क्यांमध्ये मेनिंगोकोकस हा जिवाणू आढळला. न्यूमोकोकस हा आपल्या परिचयाचाच जंतू आहे. न्यूमोनिया करणारा, कान फोडणारा, नाकाजवळच्या पोकळ्यांत पू करणारा तो हाच. त्या ६९६ प्रकरणांपैकी प्रत्येक चौथ्या प्रकरणात कानाचा किंवा सायनसचा विकार अगोदर होता, तर १२ टक्क्यांमध्ये न्यूमोनिया होता. ‘कान वाहतो, पण तो लहानपणापासूनच वाहतो’ असे म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. मधुमेह, अतिमद्यपान, कर्करोगावरील औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉईडे, एचआयव्हीचा संसर्ग, काढून टाकलेली प्लीहा या सर्वांमुळे शरीराची तटबंदी दुबळी होते. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाला बारीक तडा गेलेला असल्यास त्या वाटेनेही जंतू आत येतात. दुचाकीच्या अपघातानंतर पुढे वाकले की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा थेंब गळत असेल, तर ती सर्दी समजू नये. तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो, आणि अशा रुग्णाला मेनिंजायटिस पुनःपुन्हा होऊ शकतो.

परिणामांकडे पाहू. एकूण २१ टक्के रुग्ण दगावले. मेनिंगोकोकसमुळे आजारी झालेल्यांपैकी ७ टक्के, तर न्यूमोकोकसमुळे आजारी झालेल्यांपैकी ३० टक्के. सुसज्ज इस्पितळे असलेल्या, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचणाऱ्या देशातील हे आकडे आहेत. वय अधिक असणे, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत दाखल होणे, नाडीचा वेग वाढलेला असणे, रक्तातही जंतू सापडणे, या गोष्टी रुग्णाच्या विरुद्ध जात होत्या.

त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष प्रत्येक घरात माहीत असावा असे वाटते. ताप, मान आखडणे आणि शुद्धीत बिघाड ही या आजाराची पाठ्यपुस्तकातील तीन लक्षणे होत. ती तिन्ही एकत्र केवळ ४४ टक्के रुग्णांत आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांत पुस्तकातील चित्र पूर्ण झालेच नव्हते! परंतु या तिन्हींत डोकेदुखीची भर घालून चार लक्षणे धरली, तर त्यांपैकी किमान दोन लक्षणे ९५ टक्के रुग्णांत होती. म्हणून ‘मान तर वाकते आहे, मग मेनिंजायटिस नसेल’ असा निर्वाळा घरच्या घरी देऊ नये. ताप आणि पूर्वी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, किंवा ताप आणि असंबद्ध बोलणे, एवढे पुरेसे आहे. वृद्धांमध्ये तर ताप सौम्य असतो आणि केवळ गुंगी व गोंधळ दिसतो. ‘वयोमानाने भ्रमल्यासारखे करतात’ म्हणून दिवस निघून जातो. अंगावर लाल-जांभळे, दाबूनही न मावळणारे ठिपके उठले, तर मेनिंगोकोकसची शंका घ्यावी आणि क्षणभरही थांबू नये.

येथे धर्मगुरू या नात्याने एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे कर्तव्य आहे. तापाने भ्रमिष्ट झालेला मनुष्य ओरडतो, घरच्यांना ओळखत नाही, कधी हिंसक होतो. काही कुटुंबे त्याला बाधा झाली असे समजून प्रार्थनेसाठी येथून तेथे फिरवीत राहतात. अशा रुग्णाला प्रथम इस्पितळात न्यावे. प्रार्थना तेथेही करता येते, आणि बोलावल्यास धर्मगुरू तेथेही येतात.

पाठीतून पाणी काढण्याची भीती

मेनिंजायटिसचे निदान करण्याचा भरवशाचा मार्ग एकच : पाठीच्या खालच्या भागात बारीक सुई घालून त्या द्रवाचे थोडे नमुने घेणे. जर्मन वैद्य हाइनरिश क्विंके यांनी १८९१ साली ही पद्धत रूढ केली. आपल्याकडे तिला ‘पाठीतून पाणी काढणे’ म्हणतात, आणि या शब्दांसरशी नातेवाइकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. ‘पाणी काढले की माणूस जन्माचा अधू होतो’, ‘अमक्याचे पाणी काढले आणि तो गेला’ अशा गोष्टी वॉर्डाबाहेरच्या बाकावर हमखास ऐकू येतात. संमतिपत्रावर सही करावी की नाही, असे विचारणारे दूरध्वनी धर्मग्रामातील फादरांनाही येत असतात. म्हणून या गोष्टीचा थोडा विस्ताराने विचार करू.

मज्जारज्जू कण्याच्या संपूर्ण लांबीएवढा नसतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा झुपका त्या द्रवात तरंगत असतो, एखाद्या घोड्याच्या शेपटीसारखा. शरीरशास्त्रात त्याचे नावही तेच आहे. सुई घातली जाते ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये, म्हणजे मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्याही खाली. त्यामुळे सुईने मज्जारज्जू दुखावून पाय जाण्याची जी भीती असते, तिला आधार नाही. काढला जाणारा द्रव दहा-पंधरा मिलिलिटरच्या आसपास असतो, आणि शरीर तर दररोज सुमारे अर्धा लिटर नवा द्रव तयार करीत असते! काही तासांत ती उणीव भरून निघते. काही रुग्णांना नंतर दोन-चार दिवस उठून बसले असता डोके दुखते व आडवे झाले की बरे वाटते, हे खरे. काहींची पाठ दुखते.

मग ‘पाणी काढल्यावर गेला’ या गोष्टी येतात कोठून? ज्यांचे पाणी काढले जाते ते अगोदरच अत्यवस्थ असतात, आणि त्यांतील काही उपचारांनंतरही वाचत नाहीत. घटनांचा क्रम पाहून लोक सुईला दोष देतात. मात्र काही रुग्णांत ही तपासणी तूर्त टाळावी लागते, हेही नमूद केले पाहिजे. मेंदूत गाठ किंवा गळू असल्याची, कवटीतील दाब धोकादायकरीत्या वाढल्याची चिन्हे असतील, तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा बिंबाणू फार कमी असतील तरीही थांबतात. हा निर्णय डॉक्टरांचा. नातेवाइकांनी विचारायचा प्रश्न एवढाच : ‘स्कॅन होईपर्यंत प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन दिले आहे काय?’

या द्रवाकडे नुसते पाहूनही पुष्कळ कळते. निरोगी माणसाचा द्रव विहिरीच्या निवळ पाण्यासारखा असतो. न्यूमोकोकस किंवा मेनिंगोकोकस शिरला असेल, तर तो तांदळाच्या धुवणासारखा गढूळ होतो. क्षयाचे जंतू असतील, तर तो बहुधा स्वच्छच दिसतो. पण नळी थोडा वेळ स्थिर ठेवली असता त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम गुठळी धरू शकते. पुढे प्रयोगशाळेत पेशी, प्रथिने व साखर मोजली जाते. जिवाणूंच्या आणि क्षयाच्या आजारात साखर घटते; विषाणूंच्या आजारात ती सहसा घटत नाही. एका सुईने मिळणारी ही माहिती रक्ताच्या कितीही तपासण्या केल्या तरी मिळत नाही. ती नाकारणे म्हणजे डॉक्टरांना डोळ्यांवर पट्टी बांधून उपचार करावयास सांगणे होय.

तासांचा हिशेब

पेनिसिलिन येण्यापूर्वी न्यूमोकोकसचा मेनिंजायटिस झालेला रुग्ण जवळजवळ निश्चितपणे दगावत असे. मेनिंगोकोकसच्या बाबतीत अमेरिकेतील सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्याच्या रक्तद्रवापासून औषध तयार केले आणि १९१३ साली सुमारे १३०० रुग्णांचा अनुभव मांडला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. त्या काळी हे मोठे यश होते.

आज सेफ्ट्रायॅक्सोनसारखी प्रभावी प्रतिजैविके लहान शहरातही मिळतात. प्रश्न औषध मिळण्याचा कमी आणि ते केव्हा मिळते याचा अधिक आहे. कॅनडातील एका अभ्यासात (२००५) इस्पितळात पोहोचल्यापासून पहिले प्रतिजैविक मिळेपर्यंत सहा तासांहून अधिक वेळ गेलेल्या रुग्णांत मृत्यूची शक्यता अनेक पटींनी अधिक आढळली. स्वीडनने २००९ साली आपल्या नियमांत बदल करून, केवळ शुद्ध मंदावली आहे म्हणून पाठीतील तपासणीपूर्वी सीटी स्कॅन करण्याची अट काढून टाकली. त्यानंतर उपचार सरासरी सव्वा तास लवकर सुरू होऊ लागले, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार मृत्यूचे प्रमाण ११.७ वरून ६.९ टक्क्यांवर आले. हा वेळ इस्पितळाच्या दारातून आत गेल्यावरचा आहे. त्याआधी घरी, रिक्षात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाताना गेलेला वेळ यात धरलेलाच नाही. रुग्णाला मोठ्या इस्पितळात हलवायचे ठरले, तर निघण्यापूर्वी पहिली मात्रा देता येईल काय, हे अवश्य विचारावे.

प्रतिजैविकाने जंतू मरतात. पण मरताना ते जी द्रव्ये सोडतात त्यांनी दाह आणखी भडकतो आणि मेंदूला सूज येते. ही सूज आवरण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड द्यावे काय, याचा निवाडा २००२ साली नेदरलँड्सच्याच पुढाकाराने झालेल्या चाचणीने केला. त्यात ३०१ प्रौढ रुग्ण होते. अर्ध्यांना प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी किंवा तिच्यासोबत हे औषध दिले आणि चार दिवस चालू ठेवले. अर्ध्यांना तसेच दिसणारे निष्प्रभ इंजेक्शन दिले. मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. न्यूमोकोकसच्या रुग्णांत ते ३४ वरून १४ टक्के झाले. एका स्वस्त, जुन्या औषधाने एवढा फरक पडावा, ही आनंदाचीच गोष्ट होती.

परंतु प्रत्येक भूमीत हे यश मिळाले नाही. आफ्रिकेतील मलावी येथे ४६५ प्रौढांवर झालेल्या चाचणीत (२००७) औषध घेणारे ५६ टक्के आणि न घेणारे ५३ टक्के रुग्ण चाळीस दिवसांत मरण पावले. काहीच लाभ दिसला नाही. तेथील बहुसंख्य रुग्णांना एचआयव्हीचा संसर्ग होता आणि पुष्कळ जण उशिरा पोहोचले होते. औषध तेच, मात्रा तीच. ज्या देहांना ते दिले ते वेगळे आणि ज्या घटकेला दिले ती वेगळी. म्हणून हे स्टेरॉईड देण्याचा निर्णय इस्पितळातच व्हावा. तापाच्या रुग्णाला ‘तरतरी यावी’ म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ते टोचून घेणे धोक्याचे आहे.

आपल्याकडील खरा शत्रू : क्षय

येथपर्यंत युरोपातील आकड्यांचा आधार घेतला. भारतातील इस्पितळांत मात्र चित्राला आणखी एक गडद बाजू आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय हे त्या रोगाचे सर्वांत प्राणघातक रूप होय.

तो दबक्या पावलांनी येतो. न्यूमोकोकस एका दिवसात माणसाला बेशुद्ध करतो; क्षय दोन-तीन आठवडे घेतो. संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे, चिडचिड, सतत डोके दुखणे, कारण नसताना उलट्या. कोणी पित्त म्हणतो, कोणी टायफॉईड, कोणी नोकरीची काळजी. मग एखाद्या सकाळी डोळा तिरळा होतो, एका बाजूचा हात उचलत नाही, किंवा रुग्णाला उठवता उठवत नाही. डॉक्टर या आजाराच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीवर रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, तिसरीवर तो गाढ बेशुद्धीत असतो. पहिल्या पायरीवर उपचार सुरू झालेले बहुतेक रुग्ण वाचतात. तिसरीवर सुरू झालेल्यांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक दगावतात.

छातीचा एक्स-रे निर्दोष असला तरी हा आजार असू शकतो. लहानपणी घेतलेली बीसीजी लस बालकांचे रक्षण करते. प्रौढपणी तिच्यावर विसंबता येत नाही. पाठीतील द्रवात क्षयाचे जंतू इतके विरळ असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा दिसत नाहीत. सरकारी केंद्रांत होणारी सीबीनॅटसारखी जनुकीय तपासणी अधिक उपयोगी असली, तरी तीही नकारात्मक आली म्हणून क्षय नाही असे ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर लक्षणे व द्रवातील बदल पाहून, खात्रीची वाट न पाहता औषधे सुरू करतात. ‘रिपोर्टमध्ये टीबी नाही, तरी टीबीच्या गोळ्या का?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हे आहे.

व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन दिले असता नऊ महिन्यांतील मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. जीव वाचले, मात्र वाचलेल्यांचे गंभीर अपंगत्व कमी झाल्याचे आढळले नाही. क्षयाचा चिकट स्राव मेंदूच्या तळाशी साचतो, तेथील रक्तवाहिन्या आवळतो आणि पक्षाघात घडवतो. द्रवाची वाट अडली, तर मेंदूत पाणी साठते आणि ते पोटात वळवण्यासाठी नळी बसवावी लागते.

उपचार बहुधा बारा महिने चालतात. खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असते. ताप गेलेला असतो, रुग्ण घरात वावरू लागतो, गोळ्यांनी मळमळते, आणि कोणीतरी म्हणते, ‘आता पुरे’. या औषधांनी यकृताला त्रास होऊ शकतो. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे, ते औषधांची फेरमांडणी करतात. स्वतःहून औषधे सोडणे हा उपाय नाही. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेखाली नोव्हेंबर २०२४ पासून उपचाराच्या काळात दरमहा १००० रुपये रुग्णाच्या खात्यावर जमा करण्याची तरतूद आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांचीही नोंदणी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

इतर कारणांचा उल्लेख थोडक्यात करतो. विषाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस सर्वांत सौम्य. प्रौढ रुग्ण बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत बरा होतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना क्रिप्टोकोकस या बुरशीमुळे हा आजार होतो. त्यात पाठीतून पाणी वारंवार काढावे लागते, आणि तेथे तो तपासणीचा भाग नसून उपचाराचाच असतो, कारण डोक्यातील दाब त्यानेच उतरतो. व्हिएतनाममध्ये प्रौढांतील जिवाणूजन्य मेनिंजायटिसचे एक प्रमुख कारण म्हणजे डुकरांत आढळणारा एक स्ट्रेप्टोकोकस; तो ऐकण्याची शक्ती हिरावून घेतो. सणासुदीला व लग्नकार्यात आपल्या घरांतून डुकराचे मांस शिजते, म्हणून हा उल्लेख. चांगले शिजवलेल्या मांसापासून भीती नाही. मात्र कच्चे मांस कापणाऱ्याच्या हाताला जखम असेल, तर त्याने हातमोजे घालावेत.

घरी परतल्यानंतर

इस्पितळातून सुटी मिळाली की आपण देवाचे आभार मानतो आणि आजार संपला असे समजतो. मेनिंजायटिसच्या बाबतीत दुसरा अध्याय तेथे सुरू होतो. सर्वांत दुर्लक्षित परिणाम म्हणजे बहिरेपण. न्यूमोकोकसचा दाह आतील कानापर्यंत पोहोचतो, आणि पुढील काही आठवड्यांत तेथील शंखाकृती पोकळीत हाड भरू लागते. दोन्ही कान गेलेल्या रुग्णाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचे, तर ही पोकळी बुजण्यापूर्वीच बसवावे लागते. म्हणून सुटी मिळण्यापूर्वी, निदान चार आठवड्यांच्या आत, श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी. ‘अशक्तपणामुळे ऐकू येत नसेल’ म्हणत सहा महिने थांबल्यास शस्त्रक्रियेची संधी हातची जाऊ शकते.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. वरकरणी बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांत मेंदूचा वेग मंदावलेला आढळतो. हिशेब करायला वेळ लागतो, दोन माणसे एकदम बोलली की गोंधळ उडतो, दुपारपर्यंत थकवा येतो. अशा माणसाला आळशी किंवा हेकट ठरवणे अन्यायाचे आहे. शक्य असल्यास कामावर टप्प्याटप्प्याने रुजू व्हावे. काहींना झटके येतात. त्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय वाहन चालवू नये, विहिरीवर वा खाडीत एकट्याने जाऊ नये.

रुग्णाला भेटण्यास हरकत आहे काय? न्यूमोकोकसच्या रुग्णाच्या घरच्यांना कोणतेही औषध घ्यावे लागत नाही. आवरणाचा क्षय श्वासावाटे पसरत नाही. फुप्फुसाचाही क्षय असेल तरच काळजी घ्यावी लागते. मेनिंगोकोकस मात्र खोकल्या-लाळेतून पसरतो, आणि एका घरात राहणाऱ्यांना प्रतिबंधक औषध तातडीने द्यावे लागते. ज्यांनी रुग्णाला केवळ दुरून पाहिले त्यांना त्याची गरज नसते.

आफ्रिकेच्या सहाराखालील पट्ट्यात याच मेनिंगोकोकसच्या साथी वर्षानुवर्षे येत असत. १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५,००० माणसे दगावली. या पट्ट्यासाठी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली, पन्नास सेंटहूनही स्वस्त लस डिसेंबर २०१० पासून दिली जाऊ लागली, आणि ज्या ‘ए’ प्रकाराविरुद्ध ती होती त्याचा २०१७ नंतर तेथे एकही निश्चित रुग्ण आढळला नाही. त्याच संस्थेची पाच प्रकारांविरुद्धची लस २०२४ साली नायजेरियात प्रथम वापरात आली. आपल्याकडे लहान मुलांच्या नियमित लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने न्यूमोकोकसची लस समाविष्ट झाली आणि २०२१ मध्ये ती देशभर पोहोचली. मुलांच्या घशातील जंतू कमी झाले की घरातील आजी-आजोबांपर्यंतही ते कमी पोहोचतात. प्रौढांपैकी पासष्ट वर्षांवरील व्यक्ती, प्लीहा काढलेले, कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेले आणि डोक्याच्या दुखापतीनंतर नाकातून द्रव गळणारे यांनी या लसीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. परदेशी विद्यापीठांतील वसतिगृहांत राहावयास जाणाऱ्या मुलामुलींना मेनिंगोकोकसची लस पुष्कळदा आवश्यक असते. तिचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या कागदपत्रांसोबत ठेवावे आणि निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे ती घ्यावी.